कित्त्यात नसलेली कळी

आज सकाळी गुलाबभाऊ गेले.
मले रडू नाई आलं. राग आला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी आज खरं तेच लिहिणार आहे. ज्याले पटत नाई त्यानं खुशाल पुढे स्क्रोल करावं.

आमच्या नागभीडात मानपत्र म्हटलं की गुलाबभाऊ. कोणी गुरुजी रिटायर झाले, कोणाची एकसष्टी असली, की मजकूर घेऊन लोक भाऊच्या दुकानात यायचे. दौतीत टाक बुडवून भाऊ असं वेलबुट्टीचं अक्षर काढायचे, की वाचणारा मजकूर विसरून नुसता पाहतच राहायचा.

बारावी झाल्यावर मी त्यांच्याकडं शिकायले लागली.

भाऊजवळ त्यांच्या गुरुजीचा जुना कित्ता होता. इंग्रजीचा. एकेका अक्षराले वेलीसारखे फाटे. भाऊनं तेच वळण मराठीत आणलं होतं.

"वर जाताना हात हलका, खाली येताना जोर. आन् आपली अक्कल लावाची नाई."

वरची ओळ भाऊची, खाली मी गिरवायची. एक काना वाकडा गेला की सारा कागद पुन्हा.
माय म्हणे, "पोरगी अक्षर शिकून राह्यली का तपश्चर्या करून राह्यली?"

खोटं कशाले बोलू, मले लय मजा यायची. शाईनं भरलेली बोटं घेऊन घरी जायची तेव्हा कोणी मोठी असल्यासारखं वाटायचं.

मग भाऊ मले पूर्ण मानपत्रं गिरवायले देऊ लागले. जाड, भारी कागदावर.

"भाऊ, प्रॅक्टिसले एवढा महागाचा कागद?"
"खऱ्या कागदावरच हात बसते. फायनल मी सकाळी लिहितो. तुझं चुलीत जाते."

मी विश्वास ठेवला. काऊन नाई ठेवणार? गुरू होते माझे.

एक दिवस आमच्या शाळेतल्या कुंदाबाईचं मानपत्र आलं. मले मराठी शिकवलं त्या बाईनं. म्हटलं, चुलीत गेलं तरी चालेल, पण जीव ओतून लिहू. आणि नेमका वेल काढताना टाकातून शाईचा थेंब पडला. मी त्या थेंबाची कळी केली. बारकी, एका बाजूले वाकलेली.

भाऊ असे भडकले!
"कित्त्यात कळी कुठी आहे? ठेव तो कागद तिथी. पाणी तापवायले होईल."
मी रडत घरी गेली.

बाईचा सत्कार सिंदेवाहीले होता. आम्ही जुन्या पोरी गेलो होतो. स्टेजवर फ्रेमवरचा कपडा काढला आणि मायबाई!
माझी कळी.

फ्रेमच्या कोपऱ्यात सही होती, 'गुलाब'.

मग अक्षरासाठी भाऊचाही सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. टाळ्या वाजवायले उचललेले माझे हात तसेच राह्यले. नारळ घेताना भाऊचा उजवा हात लटलट कापत होता. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फायनल कधी नव्हतीच. चुलीत एकही कागद गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेली.
"भाऊ, ते मी लिहिलं होतं."
त्यांनी मान वर केली नाई. "अक्षर तर माझंच आहे नं, पोरी. तुझ्या हातातून निघालं, एवढंच."

चोर तो चोर, वर शिरजोर!

अहो भाऊ, हात कापते म्हणून सांगायचं होतं नं. मी जन्मभर लिहून दिलं असतं. खाली सहीसुद्धा तुमचीच टाकली असती. तुम्ही मागितलं असतं तर मी हसत दिलं असतं.

मी दुकान सोडलं. भाऊनं मानपत्रं बंद केली. लोकांले सांगितलं, डोळ्यानं बरोबर दिसत नाई. लोकांले ते खरं वाटलं.

मी घरी काम सुरू केलं तर गावभर एकच, "गुलाबभाऊची नक्कल करते." चहाच्या टपरीवर एकानं माझ्या तोंडावर म्हटलं. भाऊ बाजूच्याच बाकावर बसून होते. मी त्यांच्याकडं पाह्यलं. बोला नं भाऊ, एक शब्द बोला.

भाऊ बशीतल्या चहावर फुंकर मारत राह्यले.

कागद नेले ते मी एखाद्या दिवशी माफ केलं असतं. ती फुंकर माफ होत नाई.

आज त्यांच्या पोराचा फोन आला. "ताई, फोटोखाली नाव लिहायचं आहे. आई फ्लेक्स नको म्हणते. बाबाच्याच अक्षरात पाहिजे."

बाबाच्याच अक्षरात! हसू का रडू?

तरी गेली. काऊन गेली, मले माहीत नाई. टाक त्यांचा, दौत त्यांची. वर जाताना हलका, खाली येताना जोर. नाव झालं, वेल झाली. वेलीच्या टोकाले मी कळी काढली, मुद्दाम. म्हटलं, आज तरी कोणी विचारील, ही कोणाची?

एक म्हातारे गुरुजी हार घालून खाली वाकले. कळीवर बोट ठेवलं. डोळे भरून आले त्यांचे.

"भाऊनं आपल्या हातानंच लिहून ठेवलं होतं वाटते. ही कळी पाहा. कुंदाबाईच्या मानपत्रात हीच होती. दुसऱ्याच्या हाताचं कामच नाई हे."

भाऊची बायको माझ्याकडं पाहून राह्यली होती. तिले सारं ठाऊक होतं. तिनंही तोंडातून ब्र काढला नाई.

मग मीच बोलली, सगळ्यांसमोर. "गुरुजी, हे मी लिहिलं. आन् तेही मीच लिहिलं होतं."

गुरुजीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"दुःखात असं होते, बेटा."

जा भाऊ. सुखानं जा.
अक्षर इथीच ठेवून जा. ते माझं आहे.

तुमच्या फोटोखालचं नाव रजनीनं लिहिलं.