तिसरी ऑप्टिकल केबल

निवृत्तीनंतर मी टीव्हीला साउंडबार जोडला, तो केवळ भजनं नीट ऐकायला मिळावीत म्हणून. निरगुडसरच्या आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवायचो, चालही मीच धरायचो. शाळा सुटल्यावर माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. पण साउंडबारमधून टाळ ऐकूच येईनात. शब्दही दबके, तोंडावर उपरणं धरून गायल्यासारखे.

टीव्हीपासून साउंडबारला जाणारी पहिली ऑप्टिकल केबल मी टोकाचं प्लॅस्टिकचं टोपण न काढताच खुपसली होती. वाटलं, तेव्हाच टोक बिघडलं. दुसरी कपाटामागे फार दुमडली गेली असणार, म्हणून तीही बदलली. तिसरीही तशीच निघाली, तेव्हा माझं डोकं फिरलं. मंचरच्या दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो. मारवाडी जैन, पण जन्म इथलाच, माणूस भला. दुकान भावावर सोपवून घरी आला.

त्यानं साउंडबारकडचं टोक उपसून तळहातावर धरलं. तांबडा ठिपका पडला. ते परत जोडून त्यानं भजन लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या बायकोकडे पाहिलं.

"गुरुजी, ह्या वायरीतून वीज नाय, उजेड जातो. तो पोचला तर आवाज पुरता येतो, नाय तर तुटतो, बंद पडतो. दबका होऊन येतच नाय. आन साउंडबार बी चांगलाय."

"मग टाळ कुठायत?" मी ओरडलो.

"वाजत्यात की," बायको हळूच म्हणाली. "मघापासनं वाजत्यात."

मी पडद्याकडे पाहिलं. टाळकऱ्यांचे हात हलत होते.

दुकानदार गेल्यावर मी तिला विचारलं, कधीपासून?

"दोन वरीस झालं. भजनातबी तुमचा सूर हालतोय. मंडळात समद्यांना ठावं हाय. पन तुमाला कोन सांगनार?"

दोन वर्षं मी दर गुरुवारी त्यांच्यापुढे बेसूर गात होतो, वर त्यांनाच सुरावरून झापत होतो, आणि ते निमूट मान हलवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी देवळात गेलो नाही. कोणीतरी बोलवायला येईल म्हणून दाराकडे बघत बसलो. देऊळ चार घरं पलीकडे, पण टाळांचा आवाज काही येईना. शेवटी बायकोला विचारलं, "आज भजन नाही का?"

"कवाच सुरू झालंय," ती म्हणाली.