झिपरीची बाळंतखोली

ऊसतोडीची बाई म्हटलं की लोकांना लगेच दया येते. बायनाबाईला ती खपत नसे. कुणी 'बिचारी' म्हणालं, की पदर खोचून ती विचारायची, "बिचारी कोन? तुमची आय का?" कोयता हातात धरल्यापासून नवऱ्याच्या जोडीनं तिनं कृष्णाकाठचे, भीमाकाठचे फड पालथे घातले होते, दोन पोरी उजवल्या होत्या, आणि एकाही मुकादमाला अरेतुरे करू दिलं नव्हतं. घरात रामकिसन बोलायचा कमी आणि ती ऐकायची कमी, त्यामुळं संसार बरा चालला होता.

त्या दुष्काळाच्या वर्षी ऊसच नव्हता. संक्रांत सरते न सरते तोच कारखान्यांची धुराडी थंड पडली, टोळ्या माघारी आल्या. गावच्या सेवा सोसायटीनं सिरसाळ्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी लावली होती. बायनाबाई आणि रामकिसन आपली बैलजोडी घेऊन तिथंच राहायला आले. वर जुन्या लुगड्यांचं छत, खाली दावण, आणि दावणीच्या खुंट्यापाशी झिपरी.

झिपरी त्यांची कुत्री. हौसेनं पाळलेली नव्हे. फडावर राहायला पाचटाची कोपी असते. तिला भिंत असते नावाला आणि दार तर नसतंच. दिवसभर नवराबायको फडात, आणि कोपीत पीठ, मीठ, अंथरूण, सगळं उघडं. "कोपीला दार नसतं, कुतरं असतं," असं बायनाबाईची सासू म्हणायची. पण झिपरी आता थकली होती. दात झिजले होते, कानही फसवायला लागले होते. आजवरची तिची पिलं फडावरच गेली. काही थंडीनं, काही गाडीच्या चाकाखाली, काही तिच्याच अंगाखाली. आता ती पुन्हा पोटुशी होती आणि हे वेत बहुतेक शेवटचंच. यातलं एक तरी पिलू जगलं पाहिजे, नाहीतर पुढच्या हंगामात कोपी बेवारस. बायनाबाईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

झिपरीनं जागा निवडली ती पाण्याच्या हौदाशेजारी. तिथं गारवा होता, पण छावणीतल्या साऱ्या जनावरांची खुरंही तिथंच पडत होती. बायनाबाईनं तिला दोनदा उचलून आणली. तिसऱ्यांदा ती गुरगुरली.

"हिला खोकं पायजे," बायनाबाई म्हणाली. "चारी अंगानं बंद."

शेजारच्या दावणीचा उत्तरेश्वर मोठ्यानं हसला. "काय बे रामकिसन, बाळातपन माहेरी करतो का सासरी?"

रामकिसननं तंबाखू मळता मळता मान खाली घातली. उत्तर बायनाबाईनं दिलं.

"तुझ्या बायकूचं कुठं झालतं रे? फडातच ना? मंग तिला इचार, आडोसा असता तर बरं वाटलं असतं का न्हाई."

संध्याकाळी उत्तरेश्वरनं मूठभर खिळे आणून दिले. वाकडे होते, पण दिले.

फळ्यांचा प्रश्न राहिला. सोसायटीचं खताचं गोदाम छावणीला लागूनच होतं. दुष्काळात खत कोण उचलतंय! पोती ठेवायच्या लाकडी फळ्या आत नुसत्या पडून होत्या. बायनाबाई थेट चेअरमन अर्जुनरावांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"फळ्या? कावून?"

"कुतरी इनार हाय आमची."

"आवो बाई, ही जनावरांची छावनी हाय."

"मंग कुतरं काय मानूस हाय का?"

रांगेतली माणसं हसली. अर्जुनरावांनाही हसू आलं, पण चेअरमनला लगेच हसून चालत नाही. "सोसायटीची मालमत्ता हाय ती. उद्या तपासनी आली तर काय सांगू?"

"सांगा, सभासदाला दिली. आमच्या सासऱ्याच्या वखतापासून शेर हाय सोसायटीत. काय दिलं त्या शेरानं? साल-साल चहा आन् पेढा. ह्या साली फळ्या द्या."

सहकार म्हणजे सगळ्यांचं, असं फलकावर रंगवलेलं असतं. सगळ्यांचं म्हणून मागायला जावं तर कोपऱ्यातून एक मालक निघतोच. पण अर्जुनराव त्यातल्या त्यात बरे. "न्या," ते म्हणाले. "पन पावसाळ्याला वापस. आन् कुनाला चावली तर कुतरी आन् खोकं, दोन्ही भाईर."

ठोकायचं रामकिसननं आणि सांगायचं बायनाबाईनं, अशी वाटणी झाली. तीन बाजू मांडीइतक्या उंच, चौथी बुटकी. कुत्रीला ओलांडता यावी, पिलांना नाही. आत अंथरायला रामकिसननं पाचट आणलं, ते तिनं फेकून दिलं. पाचटाची धार काय करते हे तिच्या हातांना विचारावं. त्याऐवजी तिनं विटकी गोधडी घातली. इथवर सगळं बरोबर होतं. चूक तळाला झाली.

तळाच्या एका अंगाला तिनं विटा लावून उतार काढला. गोठ्याची जमीन अशीच असते, गव्हाणीकडून मागं उतरती. मूत वाहून जातं, जनावर कोरडं राहतं. जन्म गोठ्यात गेलेल्या बाईला सपाट जमीन म्हणजे आळशाचं काम वाटे.

"सपाट असू दे की," रामकिसन म्हणाला. "बारकी असत्यात."

"बारकी मुतत न्हाईत व्हय? तुमी खिळा ठोका."

त्यानं ठोकला.

झिपरी त्या खोक्यातच व्याली. पाच पिलं. बायनाबाईनं भाकरी ताकात कुस्करून तिला हातानं चारली आणि दिवसभर मिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बैलांना पाणी दाखवून आली, तर चार पिलं लुचत होती. पाचवं, तांबूस रंगाचं, खालच्या अंगाला फळी आणि झिपरीची पाठ यांच्यामध्ये चेपून पडलेलं. झिपरीला कळलंही नव्हतं.

"रांडं, सवताचं लेकरू दिसत न्हाई तुला?" बायनाबाईनं चप्पल उचलली. झिपरीनं नुसते डोळे वर केले. खोल गेलेले, झोपेनं जड झालेले डोळे. चप्पल हातातच राहिली.

मग बायनाबाईनं खाली बसून नीट बघितलं. तोंडातून आचळ सुटलं की पिलू सरकत सरकत खालच्या अंगाला येत होतं. पायात बळ नाही, डोळे उघडलेले नाहीत. उतार नेईल तिकडं. आणि झिपरीही पाठ टेकायला तीच फळी धरत होती. मुताला वाट करून दिली होती, त्या वाटेला लेकरं लागली होती.

रामकिसन शेजारी उभा होता. 'मी म्हनलं न्हवतं का?' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो म्हणाला, "इटा काढू?"

"काढा."

तळ सपाट झाला. तांबूस पिलू बांधापलीकडं पुरलं. पण जीव निर्धास्त होईना. झिपरी अजूनही फळीला पाठ लावूनच पडायची, आणि एखादं पिलू चुकून तिच्या पाठीमागं जायचंच. बायनाबाई ते उचलून पुढं ठेवायची. पण खोक्यापाशी बसून राहणार कोण? चाऱ्याची रांग, पाण्याची रांग, शेणघाण. ती गेली की मन खोक्यात.

आणि झिपरीवर रागवावं तरी कसं? फडावरची बाई कशी निजते, हे बायनाबाईला ठाऊक होतं. अंधारात उठून स्वयंपाक, दिवसभर मोळ्या, वर गाडी भरायची. अशी बाई निजत नाही, कोसळते. तिची थोरली पोर तान्ही होती तेव्हा सासूनं मायलेकींच्या मध्ये उसाचं एक जाड टिपरू आणून ठेवलं होतं. बायनाबाई तेव्हा चिडली होती. लेकराच्या आणि आईच्या मध्ये लाकूड? सासू म्हणाली, "तुझी माया जागी हाय, पन अंग जागं न्हाई. अंगाचा भरवसा धरू नगं." कूस बदलली की टिपरू बरगडीत रुतायचं, आणि लेकरू पल्याड सुखरूप.

बायनाबाई उठली. कोपीचे बांबू पुढच्या हंगामासाठी दावणीमागं बांधून ठेवले होते. त्यातला एक ओढून तिनं कोयत्याचा घाव घातला.

"आगं, कोपीचा बांबू हाय त्यो!" रामकिसन धावत आला. "मुकादम दुसरा देनार न्हाई."

"कोपी हातभर आखूड बांधू. राखनीला कुतरंच नसल्यावर लांब कोपी काय चाटायची?"

तिनं खोक्याच्या आतून फळीपासून वीतभर सोडून बांबू आडवे बांधले, तेही वीतभर उंचीवर. झिपरीची पाठ बांबूला अडेल आणि मागच्या फटीत पिलू मावेल, असा हिशोब.

"वैनी, कुतरीला पलंग केला व्हय?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"न्हाई. टिपरू ठिवलंय."

त्याला काही उमगलं नाही. त्याची बायको सारजाबाई मात्र डोक्यावरची कळशी खाली ठेवून आली. वाकली, बांबू हलवून घट्ट आहे का बघितलं, आणि बायनाबाईच्या पाठीवर हात ठेवून निघून गेली.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. झिपरी पाणी पिऊन खोक्यात शिरली, जागच्या जागी फिरली आणि धपकन पडली. एक काळं पिलू तिच्या पाठीमागं राहिलं. बायनाबाईचा हात सवयीनं पुढं गेला, पण तिनं तो मागं घेतला. आज काढलं, तर उद्याचं कसं कळणार?

झिपरी मागं कलली. पाठ बांबूवर येऊन थांबली. फटीत पिलू कुईकुई करत राहिलं. मग फळीला अंग घासत, तोंड आपटत, शेपटीकडून वळसा घालून ते पुढं आलं आणि भावंडांना रेटून आचळाला लागलं. झिपरी जागी झाली नाही. तिचे पाय हळूहळू सैल पडले, जबडा उघडा राहिला, आणि ती घोरायला लागली. बायनाबाईनं तिला कधी घोरताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर चाऱ्याचा ट्रक वळताना दिसला.

"पळा," ती रामकिसनला म्हणाली. "त्याला म्हनावं, हारन वाजवू नगं."

"आन् त्यो कावून म्हनला तर?"

"सांगा, बाळातीन निजलीय."

रामकिसन उन्हात पळत गेला. ट्रक मुका मुकाच आत आला. चारा डोक्यावर घेऊन रामकिसन परतला तेव्हाही तो चवड्यांवरच चालत होता.

"काय म्हनला डायवर?"

"कुनाची बाळातीन म्हनला."

"मंग?"

"आपलीच म्हनलं," रामकिसन म्हणाला, आणि चारा आवाज न करता खाली ठेवला.