प्लास्टरमामा आणि जानीचा हात

प्लास्टरमामांना स्वस्थ बसता येत नसे. कुणाच्या हाताला प्लास्टर घातलं की पुढचे कितीतरी तास ते त्या माणसाभोवती घिरट्या घालत. बोटांची टोकं दाबायची, रंग पाहायचा, एकेक बोट हळूच सरळ करायचं. जेवणाचा डबा प्लास्टरच्या खोलीत उघडा आणि मामा वॉर्डात, हे रोजचंच. "जरा बसा की," मी म्हणे. "बसलो की उगाच काहीबाही आठवतं, मॅडम," एवढं बोलून ते पुन्हा निघत.

२०१६ साली तलासरीकडच्या एका छोट्या रुग्णालयात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मामांना तिथे वीसेक वर्षं झाली होती. चिकूच्या झाडावरून पडलेले, ताडावरून कोसळलेले, चारोटीजवळ हायवेवर गाडीने उडवलेले, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. मी कॉलेजातून एक नवी सवय आणली होती. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारायचं आणि आकडा कागदावर लिहायचा. मामा ते ऐकत आणि अस्वस्थ होऊन दाराकडे जात.

त्यांची तऱ्हा वेगळी. लहान मूल असलं की आधी त्याचा बरा हात हातात घ्यायचा. कैनाडची एक म्हातारी खुब्याचं हाड मोडून आली होती. तिला भान नव्हतं, विचारलेलं कळत नव्हतं. मी म्हटलं, शांत आहे. मामांनी तिची घट्ट आवळलेली चादर दाखवली. "चहा तोंडाला लावला तर मान फिरवते. कपाळ बघा. इंजेक्शन द्या नी, मॅडम." एक ट्रकवाला इतका ओरडत होता की मला वाटलं, नाटक करतोय. मामा म्हणाले, "दुखतंय ते खरंच. वर घाबरलाय. क्लीनरचं काय झालं ते त्याला कुणी सांगितलंच नाही." क्लीनर बरा आहे हे कळल्यावर तो माणूस इंजेक्शनला हात पुढे करून रडला.

झरीची जानी पावसाळ्यानंतर आली. मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडलेली. मामा म्हणाले, "आज कच्चं घालू, एक रात्र ठेवू. सूज चढेल." कच्चं प्लास्टर म्हणजे एका बाजूनेच बांधलेलं, सूज आली तर सैल करता येतं. पण खाटा भरल्या होत्या, आणि जानी घरी जायला उतावीळ. "किती दुखतं?" मी विचारलं. "दोन," ती म्हणाली. मी आकडा लिहिला आणि मामांना पक्कं प्लास्टर घालायला सांगितलं. त्यांनी घातलं. हात उंच ठेव, दुखणं वाढलं तर लगेच ये, असं तिला तीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामा फाटकापर्यंत जाऊन येत होते. जानी आली नाही. दुपारी माझ्यासमोर उभे राहिले. "स्कूटी काढा, मॅडम."

वाटेत त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका ताडी काढणाऱ्याला प्लास्टर घातलं होतं. तो पाच दिवसांनी आला. रात्रंदिवस ठणकत होतं, पण प्लास्टर घातल्यावर दुखायचंच, असं समजून गप्प राहिला. आतल्या सुजेने रक्त अडलं होतं, हात कापावा लागला.

जानी अंगणात उभी होती, एका हाताने भांडी घासत. वरच्या ओठावर घाम. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं फुगलेली, थंडगार. मामांनी तिचं मधलं बोट जरासं सरळ केलं. तिने हूं की चूं केलं नाही. फक्त पायाची बोटं मातीत रुतली. मामा खाली पाहत होते. "हे दोन नाही, मॅडम," ते म्हणाले आणि पिशवीतून कात्री काढली. तिथेच ओट्यावर त्यांनी प्लास्टर उभं कापलं, आतला कापूस कातडीपर्यंत कापला. जानीने लांब श्वास सोडला. मी गाडीसाठी फोन लावला.

सिल्वासाला तिच्या हाताचं ऑपरेशन झालं. हात वाचला. करंगळी तेवढी वाकडी राहिली. "चूक माझी होती," मी मामांना म्हटलं. "तशीच लिहा," ते म्हणाले, "पुढच्या डॉक्टरला वाचायला होईल."

२०१९ मध्ये माझी बदली झाली. भूकंपाच्या धक्क्यांचे दिवस होते, लोक घराबाहेर झोपत होते. मामांच्या निवृत्तीलाही थोडेच महिने उरले होते. "आता पेशंटच्या मागे कोण फिरणार?" त्यांनी विचारलं. नव्या डॉक्टरांना सगळं सांगून जाते, असं मी म्हटलं. "सांगून काय होतंय? झरीला घेऊन जा त्यांना."

निघण्याआधीच्या रविवारी मी नव्या डॉक्टरला जानीकडे नेलं. तो तरुण, हुशार. त्याने तिचा हात उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "इतकं दुखत होतं, तर दोन का सांगितलंस?"

जानीला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"जास्त सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतं ना," ती म्हणाली. "पोरगी घरात एकटी होती."