हेच काम करून राहिली

फुलचूरजवळच्या राइस मिलमध्ये मी धान भरडायला घेऊन गेलो होतो. पटांगणात बाया धान वाळवत होत्या. त्यांतल्या एका नव्या पोरीवर सुपरवायझर सारखा ओरडत होता. मध्येच तिच्या चालण्याची नक्कल करी, मध्येच तिच्या गावावरून बोले. बाकीच्या बाया मान खाली घालून पायांनी धान पसरत होत्या.

तेवढ्यात पन्नाशीची एक बाई काम थांबवून आली. पदरानं तोंड पुसलं आणि त्या पोरीला खेटून उभी राहिली.

"तू अपना काम देख!" सुपरवायझर खेकसला.

"हेच काम करून राहिली," ती शांतपणे म्हणाली. "हिले जे बोलाचं हाय, ते मलेही बोला. मी आयकून राहिली."

तो काहीतरी पुटपुटत ऑफिसात गेला.

मी थक्क झालो होतो. जवळ जाऊन विचारलं, "भीती नाही वाटली, बाई?"

"वाटली नं! पण गेल्या साली एक पोरगी असंच आयकून आयकून जेवाची बंद झाली. काम सोडून गेली. तवा आमी साऱ्याजणी खालीच पाहत होतो."

संध्याकाळी तांदूळ न्यायला गेलो, तर त्या बाईला बॉयलरच्या भट्टीत भुसा टाकायला लावलं होतं. ती शिक्षाच होती. त्या धगीत आपणहून कोणी जात नाही.

तिच्या शेजारी ती नवी पोरगीही भुशाची टोपली भरत होती. तिला कोणीच पाठवलं नव्हतं.