भावसार काका आणि बारा फोटोंचा रोल

भावसार काका माणसांना उन्हात उभं करत, कॅमेऱ्यातून निरखून बघत आणि खटका न दाबताच म्हणत, "जा. नाही जमत." नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत या अपमानातून सुटलेलं कोणी नव्हतं. आणि एवढा तोरा कशाच्या जोरावर? देवळाली कॅम्पच्या बाजारात जुन्या सामानातून उचललेल्या एका जपानी डबड्याच्या. जुन्या विजेच्या बटणासारखं काळं बेकलाइट, एक भिंग, एक खटका. चूक करायलाही फारशी जागा नव्हती, तरी काकांचे निम्मे फोटो धुरकट यायचे.

"मोबाइलवाले फोटो उधळतात," ते म्हणायचे. "माझ्या रोलमध्ये बारा आहेत. लायक तोंड दिसलं तरच दाबतो." त्या बारांत तीनदा तर त्यांची स्वतःची स्कूटर असायची! सरकारी नोकरीत जन्मभर अर्ज नाकारले, निवृत्तीनंतर माणसं नाकारू लागले, एवढाच फरक. मला हा गृहस्थ डोळ्यांसमोर नको असायचा.

वडील गेले आणि आईचं जेवण सुटलं. दोन घास खाऊन ती ताट सारायची. डॉक्टर झाले, मावशी झाली, मी रडूनही पाहिलं. एका सकाळी तिला बळेच खाली उन्हात आणलं, तर काका बाकावरच्या बायकांचा फोटो काढायच्या बेतात होते. आई कडेला टेकली. काकांनी कॅमेरा खाली केला.

"वहिनी, तुम्ही उठा. गालफडं पार बसलीत. असल्या चेहऱ्यावर फिल्म घालवणार नाही मी."

मी त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. वणीकडची माझी आई मात्र जिना चढताना पुटपुटत होती, "लय शहाणा समजतो सोताला." घरात येऊन तिने स्वतःच ताट वाढून घेतलं. रागारागाने का होईना, अख्खी पोळी खाल्ली.

मग दर रविवारी ती पावडर लावून खाली जायची. काका बघून म्हणायचे, "अजून नाही." ती तणतणत वर यायची आणि जेवायची. कोणी म्हणेल, काका मुद्दाम करत असतील. मुळीच नाही. मी विचारलं होतं. "तुझी आई काय जेवते, ते मला काय माहीत?" ते म्हणाले. "मला फोटो चांगला हवा." इतका कोरडा माणूस.

पुढे ते कॅमेऱ्यासकट पुण्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना कोणाचा निरोपही घेतला नाही. मला बरं वाटलं, पण आठवडाभरच. आईचं ताट पुन्हा अर्धं राहू लागलं.

"आता कोण बघतंय?" ती म्हणाली.

शेवटी मीच त्यांचा नंबर शोधला. लाज गुंडाळून विचारलं, "काका, आईचा फोटो कधी काढणार?"

"दिवाळीत येतोय. पण आधीच सांगतो, गाल भरले नसतील तर काढणार नाही."

"हेच तिला सांगा," मी म्हणाले, "आणि जरा लागेल असं सांगा." फोन मी आईच्या कानाला लावला.