जास्वंदीवरचा पळणारा पांढरा किडा

"थांबा, झाकण उघडू नका!" मी गेटमधूनच ओरडले.

मी रत्नागिरीत गार्डन मेंटेनन्सचं काम करते. हमीदाखाला आमच्या क्लायंट. त्यांच्या जास्वंदीला मिलीबग लागलेला. म्हणजे कापसासारखा पांढरा किडा, झाडाचा रस पितो. म्हणून दुबईहून सुट्टीवर आलेला त्यांचा मुलगा, इम्रानभाई, बॅगेतून चक्क डबाभर जिवंत लेडीबर्ड घेऊन आलेला! किडे खाणारे लाल भुंगे. खालांनी फोनवर सांगितलं तशी मी धावत आले.

पारदर्शक डब्यात बघितलं. डोक्यामागे इंग्रजी एमसारखी काळी खूण. हार्लेक्विन, परदेशी जात! हे ज्या देशांत सोडले तिथे डोक्यावर बसलेत. खाणं कमी पडलं की तिथल्या लेडीबर्डची अंडी-पिल्लं खातात. शिवाय परवानगीशिवाय असे किडे आणताच येत नाहीत.

"अगो बाय, पोराने एवढ्या लांबून आणलंन," खाला म्हणाल्या. "सोड की चार."

बॉसना फोन लावला.

"क्लायंट म्हणतोय तर सोड ना!"

"सर, उडाले की परत बोलावता येणार नाहीत."

"आणि जास्वंद मेली, कॉन्ट्रॅक्ट गेलं तर?"

"मी बघते!" बोलून तर बसले.

मग भिंग काढलं. खाला रोज टूथब्रशने सगळं पांढरं घासून काढायच्या. मी एका पांढऱ्याला काडी लावली. ढिम्म. दुसऱ्याला लावली, तो सुसाट पळाला!

"हा काय पळतोय?" इम्रानभाई वाकले.

"आपल्या इथल्या लेडीबर्डचं पिल्लू! अंगावर तसंच पांढरं मेण असतं, पण हे मिलीबग खातं."

"अम्मी, तू तर घरच्यांनाच घासत होतीस!"

"गप रे. तुझ्या पाहुण्यांचं काय ते बघ."

पाहुणे गेले डीप फ्रीझरमध्ये, बांगड्यांच्या पिशवीशेजारी. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. ब्रश बंद केला. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि या पिल्लांना हुसकावतात, म्हणून खोडाला पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं.

महिन्याभरात नवी पालवी आली, स्वच्छ हिरवी! त्या पिल्लांचे झालेले इवलेसे तपकिरी भुंगे पानांवर फिरत होते, सगळे इथलेच. मी काढलेला फोटो बॉसनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली माझं नाव! मी तो डीपीला ठेवला, अजून काढलेला नाही.

तर झाडावर पांढरं दिसलं की आधी काडी लावून बघा. पळालं तर तुम्ही बाजूला व्हा.