दहा किलोमीटरचे पावणेअकरा

“मॅडम, इंजिन खराब निघू दे,” मंजुनाथ माझ्याजवळ येऊन हळूच कन्नडमध्ये म्हणाला.

आम्ही बंगळूरच्या पीण्या औद्योगिक भागातल्या एका टेस्टिंग वर्कशॉपमध्ये उभे होतो. त्याची गाडी रोलरवर पट्ट्यांनी बांधून ठेवली होती. अख्खी नोकरी मी डिझेल इंजिनं तपासण्यात घालवली. पण आपल्या गाडीचं इंजिन खराब निघावं म्हणून हात जोडणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदाच बघत होते. मला लगेच शंका आली. ह्याला इंजिन बिघडलेलं का हवंय?

कारण मंजुनाथवर डिझेलचोरीचा आळ होता. त्याचे मालक अप्पासाहेब, आमच्या चिकोडीकडचे. एचएसआर लेआउटमधल्या एका आयटी कंपनीच्या लोकांची ने-आण करायला त्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या, आणि कंपनी किलोमीटरप्रमाणे भाडं द्यायची. सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या, सगळ्यांचं डिझेल इंजिन एकच. बाकीच्या लिटरला अठरा किलोमीटर द्यायच्या. मंजुनाथची गेले काही महिने सतरासुद्धा देत नव्हती.

“अक्का, दोन्ही गाड्या शेजारी लावून तपासा,” अप्पासाहेब मला म्हणाले होते. “एक ह्याची, एक आमची चांगली. पॉवर, टॉर्क, डिझेल, सगळं बघा. ह्याच्या इंजिनात दोष निघाला तर मी दुरुस्त करून घेतो. नाही निघाला, तर हा डिझेल विकतो. सरळ पोलीस स्टेशन! आणि मग बंगळूरमध्ये ह्याच्या हातात गाडी कोण देतो तेच बघतो मी.”

म्हणजे इंजिन चांगलं निघालं की मंजुनाथ गेला. घरी दोन शाळकरी मुली, हेही त्याने मला आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. मला असं आधी सांगून ठेवणारी माणसं आवडत नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

आता ह्या शब्दांचं थोडक्यात सांगते. विहिरीतून भरलेली घागर ओढायला जो जोर लागतो, तो टॉर्क समजा. तशा घागरी तुम्ही किती भरभर ओढू शकता, ती पॉवर. गाडी रोलरवर चालवली की ती जागची हलत नाही, पण चाकं रोलरला फिरवतात, आणि रोलर किती जोरात खेचला गेला आणि किती वेगाने फिरला ते कॉम्प्युटर सांगतो. त्यावरून आणि इंजिनच्या फेऱ्यांवरून इंजिनचा टॉर्क निघतो. डिझेल मोजायला आम्ही गाडीची टाकी वापरतच नाही. वेगळा डबा वजनकाट्यावर ठेवायचा, त्यातून इंजिनला पाजायचं. टाकीवर आणि पंपावर माझा विश्वास नाही.

आधी मंजुनाथची गाडी घेतली. टॉर्क भरपूर, पॉवर गाडीच्या कंपनीने सांगितलेली तेवढी, धूर नाही. मग दुसरी चढवली. इंजिनच्या त्याच फेऱ्यांना तोच टॉर्क, तीच पॉवर, तेवढंच डिझेल. जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशी दोन इंजिनं.

“बघा अक्का!” अप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “इंजिन ठणठणीत. मग माझं डिझेल गेलं कुठं?”

मंजुनाथ खाली बघत होता. कशाला खोटं बोलू, मलाही तो चोरच वाटला. मी रिपोर्टला सुरुवातही केली.

अप्पासाहेब तिथंच गप्प बसले असते तर भागलं असतं. पण त्यांना राहवेना. “आमची ही दुसरी गाडी म्हणजे सोनं आहे हो! ह्याच्यापेक्षा खेचते पण जास्त आणि अ‍ॅव्हरेज पण जास्त. कुणालाही चालवायला द्या, हेच सांगेल.”

माझं लिहिणं थांबलं. इंजिनं सारखी असताना खेचही जास्त आणि अ‍ॅव्हरेजही जास्त? मुलगा देखणा, पगार मोठा आणि हुंडा नको, असं स्थळ आलं की आमची आई आधी गावात चौकशीला माणूस पाठवायची. मी रोलरचा कागद पुन्हा काढला. अप्पासाहेब खरंच बोलत होते. त्याच गियरला, तेवढ्याच फेऱ्यांना, दुसऱ्या गाडीने रोलर जास्त जोराने खेचला होता. इंजिनचा टॉर्क सारखा, गियरबॉक्स सारखा. मग हा जास्तीचा जोर आला कुठून? गियरबॉक्स आणि रोलरच्या मध्ये एकच वस्तू उरते. टायर!

“दोन्ही गाड्या परत चढवा,” मी म्हणाले.

“आता कशाला? झालं की सगळं.”

“स्वल्प थांबा, अप्पासाहेब. घाई आहे का काही?”

ह्या वेळी जोर मोजला नाही, नुसतं अंतर मोजलं. रोलरच्या हिशोबाने दोन्ही गाड्या दहा-दहा किलोमीटर पळवल्या आणि त्यांचे मीटर बघितले. मंजुनाथच्या गाडीने दहा दाखवले. दुसरीने पावणेअकरा!

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. आईच्या बोटाला धरून चालणारं पोर तेवढ्याच वाटेला जास्त पावलं टाकतं, तसं लहान चाक जास्त फेऱ्या मारतं. मीटरला वाटतं, गाडी लांब जाऊन आली. लहान चाकाने गाडी खेचतेही जोरात. मी खाली वाकून टायरवरचा मापाचा नंबर वाचला, मग दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला. दुसऱ्या गाडीचे टायर चक्क लहान होते. मंजुनाथच्या गाडीचे पुढचे दोन्ही, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं आणि मीटर ज्यांच्या फेऱ्या मोजतो ते, बरोबर मापाचे.

“हे टायर कधी बसवले?” मी त्याला विचारलं.

“उगादीच्या सणाआधी, मॅडम. तुमकुरू रोडवर पुढचा एक फुटला. साहेब फोन उचलेनात. दुकानदाराने दारावरचा नंबर बघून दोन्ही नवे बसवले.”

“आणि अ‍ॅव्हरेज कधीपासून पडलं?”

त्याने बोटांवर महिने मोजले. “तेव्हापासूनच.”

ह्या माणसाने एक थेंब चोरला नव्हता. बाकीच्या गाड्याही दुसरीसारखंच अठरा देत होत्या, म्हणजे त्यांचेही टायर लहानच. अख्ख्या ताफ्यात खरा मीटर असलेली गाडी त्याची एकट्याची, म्हणून तो चोर. माझं डोकंच फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

“बाकी सगळ्या गाड्यांना लहान टायर कुणी बसवले, अप्पासाहेब?”

“लॉटमध्ये मिळाले, अक्का. आपल्याला काय कळतंय त्यातलं?”

“आयटी कंपनीच्या बिलात जास्तीचे किलोमीटर लागले, तेही नाही कळलं?”

त्यांनी खिशातून फोन काढला, उगाच बघितला, परत ठेवला. “टायरचं लिहू नका. मी इंजिनचं विचारलंय, इंजिनचं लिहा.”

“नुसतं इंजिन चांगलं असं लिहिलं तर हा तुरुंगात जाईल. मी सगळं लिहिणार.”

“सरी, सरी, बरं. एवढं कशाला तापता?” ते मंजुनाथकडे वळले. आवाज एकदम मऊ. “हे बघ, तुझ्यावर माझं काही नाही. उद्या ते पुढचे टायर काढ आणि बाकीच्यांसारखे बसवून घे. अ‍ॅव्हरेज जुळलं की विषय संपला.”

मला वाटलं, तो हो म्हणेल. दोन मुलींचा बाप, दुसरं काय म्हणणार?

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. “साहेब, चोरी करत नव्हतो तेव्हा मला पोलिसांत द्यायला निघालात. आता रोज करायला सांगताय, तर नोकरी पक्की?”

आणि तो चालत गेटबाहेर गेला.

रिपोर्टमध्ये मी टायरचं पान पहिलं लावलं. अप्पासाहेबांनी मला परत बोलावलं नाही. चिकोडीला एका लग्नात समोर आले, तर पंगत बदलून बसले. मंजुनाथ आता बसवनगुडीत आमच्याच गल्लीवरून शाळेची बस नेतो.

कमी अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीवर मी आता लगेच संशय घेत नाही. आधी जास्त देणारीकडे जाते. आणि बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकते.